पश्चिमेच्या भिंतीतल्या दाराबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पूर्वी नोकरी व सध्या कटकट, हे मृत्युपत्र स्वतःच्या जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न दोघांनी केला. ते दोघेही माझ्याच पोटचे असून त्यांचा समाचार पुढे योग्य त्या कलमांत घेतला आहे.

मृत्युपत्र कपाटात ठेवायचे आणि माणूस गेल्यावर उघडायचे अशी रीत आहे. मी ती मोडते आहे. याची एकेक प्रत आजच थोरल्याला आणि धाकट्याला जाईल. त्यांनी ती मी जिवंत असतानाच वाचावी, कारण ती त्यासाठीच लिहिली आहे.

कलम १. मिळकतीचे वर्णन

राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते माझ्या पगारातून घेतले. यांनी, म्हणजे माझ्या कैलासवासी पतीने, फक्त भिंतींचा रंग निवडला होता, आणि तोही चुकला. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस रस्ता, फाटक व फाटकाशी उभा पहारेकरी. दक्षिणेस दातांचा दवाखाना व त्याच्या अंगणातले झाड. उत्तरेस बोळ. पश्चिमेस सामाईक भिंत आणि भिंतीपलीकडे शेजारीण, जिचा उल्लेख यापुढे ‘पलीकडची’ असा केला आहे, कारण तोंडावरही मी तिला दुसरे काही म्हणत नाही. ती मला ‘अध्यक्षीणबाई’ म्हणते.

या पश्चिमेच्या भिंतीत एक लाकडी दार आहे. त्याला माझ्या बाजूने एक कडी आणि तिच्या बाजूने एक कडी. माझ्या मुलांना हे दार येत्या महिन्यात विटांनी बुजवून टाकायचे आहे, आणि मला ते उघडे हवे आहे. एवढेच भांडण आहे. बाकी सगळे त्याच्या पोटात येते.

कलम २. माझ्या नोकरीबद्दल, कारण मुलांना ती कधी नीट कळली नाही

भांडणारे देश जिथे तह करायला येत, त्या सभागृहाची मी आसनव्यवस्था प्रमुख होते. मुले शाळेत सांगत, ‘आमची आई खुर्च्या मांडते.’ बरोबरच आहे. एकदा दोन देश आले. दोघांनाही दाराकडे पाठ करून बसायचे नव्हते, आणि दुसऱ्यानंतर आत यायचे नव्हते. तेव्हा सुतार बोलावून भिंत फोडली, नवे दार बसवले आणि दोन्ही शिष्टमंडळे एकाच क्षणी आत घेतली. मग लक्षात आले की एका पुढाऱ्याची उंची बेताची आहे. झाले, दुसऱ्याच्या खुर्चीचे पाय कापा. तो बसला, टेबल त्याच्या हनुवटीला लागले, आणि तो उठून निघून गेला. त्या आठवड्यात सरहद्दीवर पुन्हा तोफा सुरू झाल्या. वर्तमानपत्रांनी कारण वेगळे दिले होते.

सुरक्षा हा शब्द मी तिथे इतका ऐकला की पुढे पुढे तो कानावर आला की मला जांभई यायची. प्रत्येकाला सुरक्षा हवी असे, आणि आपल्याला ती मिळाली की नाही हे प्रत्येक जण समोरच्याचा चेहरा किती पडलाय त्यावरून ठरवत असे.

ती पाय कापलेली खुर्ची मी निवृत्त होताना रीतसर पावती फाडून विकत घेतली. ती मी धाकट्याला देते. त्याने तिच्यावर बसून थोरल्याकडे वर मान करून बघावे. लहानपणापासूनची त्याची तक्रार अशी की सगळे त्याला खाली बसवतात. आता पुरावाही हाताशी राहील.

कलम ३. मुलांनी केलेल्या बंदोबस्ताबद्दल

थोरला परदेशात विद्यापीठात सामूहिक सुरक्षा शिकवतो. धाकटा दुसऱ्या परदेशात विमा कंपनीत जोखीम मोजतो. दोघांचे एकमेकांशी पटत नाही. प्रत्येकाला वाटते, दुसरा एक दिवस गुपचूप येऊन आईची सही घेणार आणि घर गिळणार. हे सगळे आईच्या काळजीपोटी, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा दोघांनी मिळून एक कुलूपवाला नेमला. हा सुटाबुटातला गृहस्थ स्वतःला सुरक्षातज्ज्ञ म्हणवतो. त्याने घरात कॅमेऱ्याचे डोळे बसवले, भोंगा बसवला, माझ्या गळ्यात गुरांसारखे एक बटण अडकवले, आणि पुढच्या दाराला असे कुलूप लावले की दोघा भावांनी आपापल्या फोनवर होकार दिल्याशिवाय ते बाहेरून उघडत नाही. एकाने नाही म्हटले की संपले. एकट्या थोरल्याला कोणाला आत पाठवता येऊ नये, एकट्या धाकट्यालाही नाही.

“आई, हा परस्परविश्वास वाढवणारा उपाय आहे,” थोरला म्हणाला.

“हे वाक्य मी टाईप झालेलं बघितलंय,” मी म्हटले. “ते ज्यांच्यासमोर ठेवलं होतं त्यांनी टेबलावरचं पाणीसुद्धा प्यायलं नाही. समोरच्याने आधी पिऊन दाखवावं म्हणे.”

तो हसला. फोनवर हसणे फुकट असते.

कलम ४. न्हाणीघरातील घटना

पलीकडचीचे झाड तिच्या अंगणात आणि त्याची पाने माझ्या अंगणात. रोज सकाळी मी ती झाडते, पश्चिमेची कडी काढते आणि पाने तिच्या बाजूला ओतते. मग ती दातवाल्याच्या झाडाची पाने निवडून पाटीत भरते आणि परत आणते. ‘ही आमची नव्हेत’ म्हणते. मग आमची जुंपते. हे कित्येक वर्षे चालू आहे आणि दोघींनाही त्याचा कधी कंटाळा आलेला नाही. कडी लावायची ती भांडण संपल्यावर.

त्या दिवशी पाने ओतून मी अंघोळीला गेले आणि घसरले. खुब्यातून कळ अशी आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. गळ्यातले बटण मी दाबले. ते चालले, हे कुलूपवाल्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. दोन्ही देशांत फोन खणखणले. थोरल्याने होकार दिला. धाकट्याला वाटले, आई पडलीबिडली काही नाही, दादाने वकील आत घुसवायला हे नाटक रचलंय. त्याने नकार दिला. मग दोघे एकमेकांशी फोनवर भांडत बसले.

पहारेकरी पुढच्या दाराबाहेर उभा. दार फोडले तर कंपनीच्या नियमाने ती घुसखोरी ठरते आणि नोकरी जाते. तो बिचारा बाहेरून ओरडत होता, “आजी, घाबरू नका, मी इथेच आहे.” मी आत फरशीवर होते. नळ चालू होता आणि पाणी गार पडत चालले होते. मला भीती वाटली. एवढ्या बंदोबस्तात आपण मरणार, आणि न्हाणीघर सोडून बाकी सगळे घर मुलांना डोळ्यांतून स्वच्छ दिसत राहणार, असे वाटले.

पलीकडची पाटी घेऊन आली. अंगणात कोणी नाही. तिने नेहमीप्रमाणे दोन शब्द सुनावले. उत्तर नाही. ती नंतर डॉक्टरांना म्हणाली, “ही बाई ऐकून घेऊन गप्प बसली, म्हणजे धडगत नाही हे मी ओळखलं.” ती स्वयंपाकघरातून तडक आत आली, नळ बंद केला, माझ्या अंगावर पंचा टाकला आणि ओल्या फरशीवर मांडी घालून बसली.

“ही दातवाल्याची पानं आहेत, अध्यक्षीणबाई,” ती म्हणाली. “आमची पानं गोल असतात.”

मी म्हटले, “डॉक्टर.”

“बोलावलाय. तोवर पानांचं बोला.”

आता गंमत ऐका. भिंतीवरच्या डोळ्याने तिला स्वयंपाकघरात पाहिले आणि दोन्ही मुलांना कळवले की घरात अनोळखी इसम शिरला आहे. ते दोघे, ज्यांचे बापाच्या दिवसकार्याच्या खर्चावरही एकमत झाले नव्हते, एका क्षणात एक झाले आणि होती नव्हती ती सगळी दारे त्यांनी बंद करून टाकली. भोंगा असा बोंबलू लागला की आम्हा दोघींना एकमेकींचे ऐकू येईना. शेवटी मला स्ट्रेचरवर घालून पश्चिमेच्या दाराने, पलीकडचीच्या स्वयंपाकघरातून बाहेर काढले. तिच्या ओट्यावर दूध उतू गेलेले मी आडवी असताना पाहिले. ते तिने अजून बोलून दाखवलेले नाही, यावरून ती घाबरली होती हे मला कळते.

कलम ५. त्यानंतरचा शहाणपणा

मी घरी आले, आणि पाठोपाठ कुलूपवाल्याचा अहवाल आला. ‘पश्चिमेचे दार ही गंभीर त्रुटी असून तेथून अनधिकृत प्रवेश झालेला आहे.’ शिफारस: विटा.

थोरल्याचा फोन आला. “आई, ती बाई आत आली कशी?”

“पायांनी.”

“चेष्टा नको. आज ती आली, उद्या कोणीही येईल.”

“उद्याही तीच येईल. रोज तीच येते.”

“तीच तर तुझ्याशी भांडते ना? तूच सांगतेस.”

“भांडते. समोर येऊन भांडते. तू शेवटचा समोर कधी आला होतास?”

त्याने फोन ठेवला. मग धाकट्याने फोन करून तेच सांगितले, शब्द तेवढे विम्याचे. विटांबाबत भावांचे पूर्ण एकमत आहे.

कलम ६. किरकोळ वाटप

(अ) भोंगा कुलूपवाल्याला परत द्यावा आणि त्याच्या स्वतःच्या उशाशी बसवावा.

(आ) ओसरीवरची वेताची आरामखुर्ची पहारेकऱ्याला. ड्यूटीवर बसायचे नाही असा त्याच्या कंपनीचा नियम आहे. माणूस उभा दिसला की मालकाला सुरक्षित वाटते, म्हणे. त्याने ती घरी न्यावी आणि पाय वर घेऊन बसावे.

(इ) माझा खराटा पलीकडचीला. तिचा झिजला आहे. कबूल करत नाही.

(ई) बँकेतील शिल्लक दोन्ही मुलांना निम्मी निम्मी. अट अशी की दोघांनी या टेबलाशी समोरासमोर बसून एकत्र जेवावे आणि मग सही करावी. जेवले की नाही हे डॉक्टर बघतील. फोनवरून जेवलेले चालणार नाही.

कलम ७. घर व दार

हे घर दोन्ही मुलांना समान हिश्श्याने मिळावे, मात्र पश्चिमेची भिंत, तिच्यातील दार आणि दारापासून माझ्या स्वयंपाकघरापर्यंतची अंगणाची पट्टी सोडून. ती पट्टी पलीकडचीची.

आणि माझ्या हयातीत त्या दाराला कोणी एक वीट जरी लावली, बाहेरून खिळा ठोकला, किंवा माझ्या बाजूच्या कडीला फोनवरून चालणारे काही जडवले, तर मुलांचा हिस्सा रद्द समजावा आणि संपूर्ण घर, रंगासकट, पलीकडचीला जावे. धमकी म्हणा हवे तर. थोरला वर्गात याला धाक दाखवून शांतता राखणे असे काहीतरी म्हणतो. आता घरबसल्या अभ्यास होईल.

हे कलम मी पलीकडचीला वाचून दाखवले. तिला आनंद वगैरे झाला नाही.

“तुमचं घर माझ्या गळ्यात कशाला मारता? माझं मलाच झाडून होत नाही.”

“मिळणार नाही तुम्हाला. मुलं भितील.”

“आणि नाही भ्याली तर?”

“तर घ्या आणि दोन्हीकडची पानं एकट्या झाडा.”

“असले उपकार नकोत,” असे म्हणून ती उठून गेली. जाताना तिने आपल्या बाजूची कडी लावली नाही.

कलम ८. अपवाद

पलीकडची माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. जिना चढताना छातीवर हात ठेवते आणि मी पाहिले की पदर सारखा केल्याचे सोंग करते. डॉक्टरांना विचारले तर ते विषय बदलतात. तेव्हा या गोष्टीची तरतूद करणे भाग आहे, आणि हे एकच कलम लिहिताना माझा हात थांबला. मला ती लागते. हे मी तिला सांगणार नाही, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

ती माझ्या आधी गेली तर कलम ७ रद्द समजावे आणि घर बिनशर्त मुलांचे. मग त्यांनी खुशाल विटा आणाव्यात. दार बुजवावे, भिंत वाढवावी, भोंगा पुन्हा लावावा, पहारेकरी दोन ठेवावेत. मी हूं की चूं करणार नाही. त्या दिवसापासून या घरात कोणीही येणार नाही, आणि तुम्हाला माझ्यासाठी जी सुरक्षा हवी आहे ती मला पुरेपूर मिळालेली असेल.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी लिहिले, वाचले, दोन ठिकाणी खोडले, आणि साक्षीदारांदेखत सही केली. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. करायचे कारण पडले नव्हते.

सही: आसनव्यवस्था प्रमुख (निवृत्त)

साक्षीदार १: डॉक्टर. लिहून देणारी शुद्धीवर असल्याची खात्री केली. जरा जास्तच आहे.

साक्षीदार २: दक्षिणेकडील दंतवैद्य. सही केली. पानांबाबत काहीही कबूल केलेले नाही.

ठिकाण: राहते घर, जेवणाची खोली, पश्चिमेचे दार उघडे.

दिनांक: महिन्याचा शेवटचा बुधवार, गवंडी ठरला आहे त्याच्या पाच दिवस आधी.