थायरॉइडची गोळी अन् सोयरीक

तीर्थरूप आईले पुण्याहून हरिओमचा दंडवत.

फिकर करू नको. माह्या थकव्याचं कारण थायरॉइड निघालं. गळ्यातल्या ग्रंथीत एक प्रथिन दोऱ्यासारखं असते. दुसरं त्याच्यावर आयोडीन ओवते, तवा हार्मोन तयार होते. माह्यं शरीर त्या ओवणाऱ्याच्याच जिवावर उठलं. मीठ बदलून उपयोग नाही, रोज उपाशीपोटी गोळी घ्या लागते.

बायकांचा आजार म्हणून हसतीन, या भेवानं खोलीतल्या पोरायपासून गोळ्या लपवतो. बाबाचा गुडघा कसा हाये?

साखरपुड्यापर्यंत चिखलीले प्राचीच्या घरी सांगू नको, असंच लिवणार होतो. लाज वाटली माये. आजच सांग. ते नाही म्हणले, त त्यायले नावं ठेवू नको. तिले हा आजार असता, त मीच नाही म्हणलो असतो.

तुहा हरिओम