राखेखालचा विस्तव

सोमवार, २ डिसेंबर

आले एकदाची या बर्फाळ डोंगरगावात! शाळेने दिलेलं घर म्हणजे एकच खोली, पण ती माझी आहे. भिंती जाडजूड, खिडकी एक, दार जड लाकडाचं. कोपऱ्यात चार पायांवर उभी लोखंडी शेगडी, वासराएवढी. तिच्या पाठीतून काळं धुराडं निघून छताबाहेर गेलंय. आमच्या घरी मी चुलीशेजारी बसून पाठांतर करायची, आणि धुराने आईच्या नि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. इथे धूर बाहेर, ऊब आत. घरातली पहिली पदवीधर मी, तेव्हा आईला त्या धुरातून सोडवणं हेही माझंच काम.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी स्वतः शेगडी पेटवून दाखवली. ओलं लाकूड घालायचं नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा. धुराड्याची झडप निखारे पुरते विझेपर्यंत उघडी ठेवायची. राख झाकणाच्या डब्यात, घराबाहेर. आणि कितीही कुडकुडलीस तरी खिडकी बोटभर उघडी राहू दे, असं पुन्हा पुन्हा बजावलं. मी मान डोलावली. एवढं काय अवघड आहे त्यात!

गुरुवार, ५ डिसेंबर

आई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने शेगडीभोवती एक फेरी मारली, वाकून आत पाहिलं आणि म्हणाली, एवढी शिकलीस नि बिचाऱ्या विस्तवाला तुरुंगात टाकलंस होय गं?

आमच्या घरी विस्तव विझू देत नाहीत. काम आटोपलं की निखारे राखेत पुरायचे, सकाळी राख सारून फुंकर मारायची. काडेपेटी लागते ती आळशी बाईला, असं आजी म्हणे. आईने इथेही तेच सुरू केलं. शेगडीशी तिची बराच वेळ खुडबुड चालते. मी लाडाने रागावले तर म्हणाली, तुझ्या जन्माआधीपासून विस्तव सांभाळतेय, मला नको शिकवूस.

खिडकीतला गार वारा नेमका तिच्या अंथरुणावर येतो. तिचे सांधे इतके ठणकले की तिला कूस बदलता येईना. मी कागदाच्या पट्ट्या कापल्या, खळ लावली आणि खिडकीची फटन् फट बुजवून टाकली. मोठ्या बाईंचं म्हणणं बरोबरच असेल, पण त्यांच्या आईचे सांधे दुखत नसणार. आई म्हणाली, आता कसं घर वाटतंय.

मंगळवार, १० डिसेंबर

डोकं दुखतंय. शाळेत गेल्यावर उतरतं, घरी आलं की पुन्हा सुरू. आईलाही तसंच होतंय, शिवाय मळमळतं. ती खूप झोपते. आज चहात साखरेऐवजी मीठ पडलं, आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग ती अगदी सहज म्हणाली की त्या बाईलाही कपभर दे. कोणती बाई, असं मी विचारलं. तर म्हणते, अगं ती काय, शेगडीपाशी बसलेली. पाठमोरी असते. गारठलीय बिचारी.

तिथे कुणी नव्हतं.

गुरुवार, १२ डिसेंबर

आईने आज तीन ताटं घेतली.

मोठ्या बाईंना सांगितलं की आईला भास होतात. भासाबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही. खिडकी उघडी असते ना, एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. कागद चिकटवलाय असं कोणत्या तोंडाने सांगू? म्हणाल्या असत्या, कसली ही पदवीधर.

घरी येऊन पट्ट्या काढायला गेले, तर आईने माझं मनगट धरलं. नको, तिला वारा सोसत नाही, म्हणाली. दुखऱ्या सांध्यांत एवढा जोर आला कुठून? वळ उठलेत.

उद्या काढते. आज उभं राहवत नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

बर्फ. शाळा बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पट्ट्या तशाच आहेत.

आईचे गाल लालबुंद. तरुण दिसते. इतकी छान ती कधीच दिसली नव्हती. मला त्याची भीती वाटते.

धुराडं श्वास घेतं. कान लावून ऐकलं.

मलाही दिसली. पाठमोरी, केस मोकळे. मी हाक मारली नाही. मारली तर ती वळेल आणि —

रविवार, दुपार

झडप बंद आहे.

आत्ता पाहिली. आई निखारे राखेत पुरून झडप ओढून घेते — रोज घेत असणार — ऊब वाया जाऊ नये म्हणून. राखेखाली विस्तव धुमसतोय नि त्याची विषारी हवा खोलीतच. धूर नाही, वास नाही. वर्गात हे मीच शिकवते. मीच.

झडप उघडली. तिथेच कोसळले. पाय माझे नाहीत.

आई उठत नाही. गालावर चापट मारली तर हुं म्हणाली. जिवंत आहे. तिला बाहेर न्यायचं. बाकी काही नाही.

ओरडले. आवाज खोलीतच राहिला.

काच फोडायला ढलपी धरली — उचलवत नाही. दार जवळ आहे. आईला काखेत धरून ओढतेय. थोडं ओढते, थोडं लिहिते. लिहिलं नाही तर डोळे मिटतील —

आई म्हणते, राहू दे गं, कशाला उघडतेस.

शेगडीपाशी आता कुणी नाही. म्हणजे भासच. हवेमुळे. दार उघडलं की सगळं —

कडी दिसतेय. हात पोचेल.

कडीवर एक हात आहे. आतून. घट्ट धरून. आईचे दोन्ही हात तर इथे माझ्या —