गहाळ अंकाची पूजा

४ ऑक्टोबर २००२
मी सांगते, केतकी लिहिते. मी ‘हाय’ म्हणते, नात ‘आहे’ लिहिते. शिकलेली आहे, चालायचंच.
तिच्या कॉलेजातल्या मुलांच्या वार्तापत्राचे जुने अंक सीडीवर चढवतायत. काम हिच्याकडे. एकच अंक सापडत नाही. तिचा बाप, आमचा वसंता, तेव्हा संपादक. आता आमच्या मांजरी गावातली शेती विकून साहेब झालाय, सीडीच्या समारंभाचा पाहुणाही तोच.

९ ऑक्टो.
तो अंक माझ्या ट्रंकेत. त्यावर वसंताचा फोटो. तेव्हा त्यानं छापखान्यातून सगळे गठ्ठे आणून बंबात घातले. “चुकीचे छापलेत.” एक मी फोटोसाठी काढून ठेवला. त्याला विचारलं, यात काय लिहिलंय रे? “माझं कौतुक.” मग दर दसऱ्याला पुस्तकांबरोबर त्याचीही पूजा. कपाळावर कुंकवाचा एवढा थर, की पोरगा देवीचा पुजारी दिसतो.
केतकीला दिला.

१० ऑक्टो.
केतकीकडून वाचून घेतलं. माफीनामा आहे.
आधीच्या अंकात वसंतानं छापलं होतं, गावातली सुधा पहिली आली ती सरांनी पेपर आधी दाखवला म्हणून. का दाखवला, ते वाचणाऱ्यावर सोडलं. सगळं खोटं. प्राचार्यांनी माफी छापायला लावली, ती यानं जाळली. सुधाचं कॉलेज सुटलं, महिन्यात लग्न उरकलं. मी जेवून आले. जिलेबी बरी होती.
आरोपाचा अंक सीडीवर चढलाय.

१२ ऑक्टो.
वसंता : “आई, तो कागद दे. तुला वाचता येत नाही तेच बरं होतं.”
हो ना. नाहीतर इतकी वर्षं तुला ओवाळलं कुणी असतं?

१३ ऑक्टो.
सुधा कसब्यात दिलेली. केतकीनं स्कूटीवरून नेलं. सुधानं चहा दिला. कागदाला हात लावला नाही.
“काकू, तेव्हा तरी कागद कोण वाचत होतं? आमच्या अंगणात येऊन आईला पेपराचं पहिल्यांदा तुम्हीच सांगितलंत. हसत होतात.”
घरी येऊन म्हटलं, लिही, मला आठवत नाही. केतकीनं पेन खाली ठेवलं.
लिही. आठवतंय.

१४ ऑक्टो.
केतकी म्हणते, माफीचा अंकही चढवते. चढव. गावात सीडी कोण बघतंय? माझ्या तोंडानं गेलं ते तोंडानंच यायला हवं. समारंभाला वसंतानं अर्धी मांजरी बोलावलीय, मला पहिल्या रांगेत बसवणार. सुधाला निरोप धाडला. येते म्हणाली नाही, येत नाही असंही नाही.
तिथं उभी राहून म्हणायचा, म्हणून माफीनामा पाठ करतेय. केतकी एकेक ओळ सांगते, मी घोकते. बऱ्यापैकी झाला. सुधाचं नाव येतं तिथं मात्र अडते. संध्याकाळी तशीच अडले. केतकी पाणी आणायला गेलेली. वसंता दारात कधीचा उभा होता कोण जाणे. पुढची ओळ त्यानं सांगितली, कागद न बघता. मग खोलीत जाऊन कडी लावली.