निकालाआधी की निकालानंतर

३ मे १९६८, शुक्रवार. कामथडी
हेडसर येऊन गेले. पुण्याच्या एका कॉलेजात काही मुलींना मॅट्रिकच्या निकालाआधीच घेतात, शाळेच्या पत्रावर. वसतिगृहही देतात. अट एकच, मग दुसरीकडे जायचं नाही, तसं लिहून द्यायचं. पण तिथं सायन्स नाही. नात सुमन सायन्सचं धरून बसली आहे. ते मोठ्या कॉलेजात, आणि तिथं सगळं निकालावर. मार्क कमी पडले तर दोन्हीकडून गेली, घरीच बसायची. पोरगा, तिचा बाप, मुंबईला गोदीत. त्याचं नेहमीचं, ‘आबा म्हणतील तसं.’ आणि मी आबा चौथी शिकलेला.

९ मे, गुरुवार
काल विंझर, आज शिवरं. कुणाची पोरं पुण्याला शिकायला गेली, घरोघर विचारलं. निकालाआधी गेलेली बहुतेक मार्गाला लागली. नंतरची निम्मीशिम्मी परत आली. विंझरचा दुकानदार म्हणतो, “आबा, खानेसुमारीची डोकी मोजाया नेमलंय का तुमास्नी?” मला हसू आलं नाही. आधीच बरं.

१२ मे, रविवार
दुपारी आंब्याखाली डोळा लागला. पुणं गुडघाभर पाण्यात. पोरी ओळीनं उभ्या, भात लावल्यासारख्या, वाऱ्यानं एकदम वाकतात. सुमनला हाका मारत बांधावरून चाललोय. सगळ्या वळून बघतात, तोंड कुणाचंच ओळखीचं नाही. जाग आली तर सकाळ की संध्याकाळ कळेना. तरी ते पाणी सुंदर होतं.

१६ मे, गुरुवार
सुमन पेरणीचं बी पाखडत होती. म्हटलं, धूळवाफेचं भात बघ, पावसाआधी पेरलेलं पुढं जातं. पोरांचंही तसंच. मी विचारून आलोय.
म्हणाली, “आबा, आधी कुणाला धाडत्यात? सर पत्र देत्यात त्यास्नीच. निवडलेलं बी आधी पेरलं, उरलेलं मागनं. मग पीक बियानं आलं का येळेनं?”
“लई शानी झालीस.”
“व्हय, म्हनून तर पत्र दिलं सरांनी.”
सून आतून हसली. पण शहाण्या पोराचाही एखादा पेपर बिघडतो, तेव्हा काय?

पत्राची मुदत सोमवारपर्यंत.

२० मे, सोमवार
सुमन आणि सून सकाळच्या एस.टी.नं पुण्याला गेल्या. पत्र बरोबर आहे. काल सांगितलं, तुझं तू ठरव, मी मागून बोलणार नाही. मोठं कॉलेजही बघून येते म्हणाली. पत्र देणार की परत आणणार, ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. खिडकीतून ओरडली, “आबा, घरी जावा, ऊन व्हतंय!” गाडी दिसेनाशी झाली तरी मी रस्त्याकडेच बघत होतो. सगळा रस्ता पाण्यासारखा हलत होता.
आता मुंबईला कार्ड लिहायला बसलोय. ‘चि. सुमनने आज पुण्यास जाऊन’ इथवर झालं आहे. पुढचं सांजच्या गाडीनं येईल.