मासळीच्या दुकानासमोर

३ मार्च

पुढच्या गुरुवारी माझी पाळी. रोमजवळच्या ओस्तियाच्या अवशेषांत उभं राहून दहा मिनिटं बोलायचं — हातात कागद नाही. मला काय मिळालं? रोमन काळातलं मासळीचं दुकान! आईच्या दुकानाचा वास चुकवायला पोर्तुगालहून रोमला शिकायला आले, आणि हे. असो.

४ मार्च

आमच्या वान्नुच्ची बाईंना दिसत नाही. काल ट्रेनमध्ये माझी वही उलटी धरून म्हणाल्या, "छान लिहितेस!"

अवशेषांत मात्र चुकत नाहीत. पावलं मोजतात — ओठ हलतात, मी पाहिलंय. वर्गातल्या यानिकनेही पाहिलंय. "ऑफिसात सांगायला हवं. कुठे पडल्याबिडल्या तर?" सांगितलं की संपलं. एकतीस वर्षं त्या दगडांत शिकवलं, आता बसा खोलीत.

माझं काय जातं!

८ मार्च

आईला फोन. मासळीचं टेबल उतरतं का असतं? "पाणी कुठे जाईल मग, शहाणे?" हे पुस्तकात नाही.

१० मार्च

मुख्य रस्त्यावर खोदकाम, फीत लावलेली. आडवाटेने गेलो आणि बाईंची मोजणी बिघडली. थांबल्या, भिंतीपाशी हात टेकला. "फिलिपा, हे तुझं दुकान. बोल."

समोर बेकरी होती. दळायची चार काळी जाती, कंबरेएवढी! सगळे एकमेकांकडे बघायला लागले. यानिक कुजबुजला, "अगं, ही तर —" मी त्याच्या पायावर पाय दिला. जोरात.

आणि बोलले. संगमरवरी टेबल इथे, मागे हौद, जमिनीवर माशांचं चित्र. टेबल उतरतं, कारण पाणी वाहून जायला हवं. नसलेल्या टेबलावर हात फिरवून दाखवला! कुणी हसलं नाही. बाई मान हलवत ऐकत होत्या.

परतताना यानिक लंगडत होता. "नाही सांगणार गं! पाय मोडशील."

११ मार्च

बरं वाटतंय. का, कोण जाणे.

१४ मार्च

फोनवर बाईंचा आवाजी निरोप. तीनदा ऐकला.

"पोरी, उतरत्या टेबलाचं मला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पण माझा हात जात्यावर होता गं. तू बोलायला लागलीस तेव्हाच कळलं. आता मुलं माझ्यासाठी खोटं बोलायला लागली, म्हणजे बास. आज ऑफिसात मीच सांगून आले. यानिकवर चिडू नकोस. गुरुवारी शेवटची फेरी, तुझा हात धरून येईन. वही घे, लिही — फाटकापासून तुझ्या दुकानापर्यंत सहाशे बारा पावलं. माझी. तुझी कमी भरतील."

रडले. लिहून घेतलं. सहाशे बारा.