आतडं माझं, विषयही माझाच

११ नोव्हेंबर
परवा पुण्यात ऑपरेशन. लहान आतड्यात गाठ आहे. घाबरण्यासारखं काही नाही. वेल्ह्याच्या शाळेत आठवीला पचनसंस्था शिकवण्यात उभा जन्म गेला; आतडं माझं आणि विषयही माझाच. बायकोला, रत्नाला, फळ्याशिवाय समजावलं: आधी ड्युओडिनम, मग जेजुनम, मग इलियम. भांडी घासता घासता म्हणाली, त्यातलं दुखतंय कंचं तेवढं सांगा. मुद्दा सोडून बोलायची तिची जुनी सवय.
संकल्प: नव्या वर्षात पालीकडून राजगड चढायचा.

१३ नोव्हेंबर, पहाटे
सर्जन अगदीच पोरगेला. काल त्याला विचारलं, रिसेक्शननंतर अॅनास्टोमोसिस हाताने करणार की स्टेपलरने? चाट पडला. मुलीला, नूतनला, सोपं करून सांगितलं: खराब तुकडा कापायचा, उरलेली दोन टोकं जोडायची, ठिबकच्या नळीसारखं. ऑपरेशन संपायला दुपार होईल म्हणाले.

१५ नोव्हेंबर
दुपार कसली! शुद्धीवर आलो तर वॉर्डात त्याच दिवशीचा सकाळचा चहा वाटणं चालू होतं. काय हात आहे पोराचा! उगाच पोरगेला म्हणालो. नूतन रडत होती. आनंदानं रडायची खोड तिला पहिल्यापासून.

१६ नोव्हेंबर
राउंड. ज्युनिअर डॉक्टरीण मोठ्या डॉक्टरांना सांगत होती, लॅपरॉटमीचा पेशंट. दुरुस्त केलं. म्हटलं, बाई, लॅपरॉटमी म्हणजे नुसतं पोट उघडणं, माझं रिसेक्शन झालंय, तुकडा कापलाय. तिनं मोठ्यांकडे बघितलं, मोठ्यांनी खिडकीकडे. चूक कबूल करायला मोठं मन लागतं. अशांचे मार्क मी कापायचो.

२२ नोव्हेंबर
मार्गासनीला घरी. निघताना डॉक्टर नूतनला बाजूला घेऊन बरंच बोलले. माझ्यासमोर टेक्निकल बोलायला बिचकत असावेत. पथ्य काहीच नाही! आवडेल ते द्या म्हणाले. शेजारच्या सगुणाबाईंना साध्या अपेंडिक्सनंतर महिनाभर पेजेवर ठेवलं होतं. म्हणजे माझी प्रगती बघा.
रत्नानं अळूची वडी केली. दोन खाल्ल्या. उलटी. आतडं अजून नवखं आहे, शिकेल.

२६ नोव्हेंबर
चुलतभाऊ सोनबा आला. बांधावरून आमचा कित्येक वर्षांचा अबोला. खांद्यावर नव्या इंद्रायणी तांदळाचं पोतं. म्हणाला, बांध ऱ्हाऊ द्या तुमच्याच अंगाला, म्या काय वर न्हेणार हाय व्हय? शेवटी मुद्दा पटला म्हणायचा! मनात काही न ठेवता त्याला मेसेंटरी समजावून सांगितली, म्हणजे आतड्याला धरून ठेवणारा पडदा. ऐकता ऐकता उपरण्यानं डोळे पुसत होता. विषय अवघड आहे खरा.

१ डिसेंबर
जुने विद्यार्थी आले. पाया पडले, फोटो काढले. शिवानी आता नर्स आहे. तिला प्रश्न टाकला, नावाच्या शेवटी 'एक्टमी' आलं तर काय? काढून टाकणं, म्हणाली. आणि 'ऑटमी', लॅपरॉटमीतलं? उत्तर येत असूनही माझी नाडी बघत बसली. शाळेत अशी नव्हती. मीही पुढं विचारलं नाही.
पँट कमरेला राहत नाही. गड चढायला हलकं असलेलं बरंच. आज मात्र मागच्या दारापर्यंत चालूनच दम लागला, खाली बसावं लागलं. थंडी.

४ डिसेंबर
दूध-भात, दोन चमचे. राहिले नाहीत. चमचा मोठा होता.
नूतननं रजा वाढवली. तिच्या ऑफिसात काम कमी असणार.

७ डिसेंबर
सकाळी उन्हात ओट्यावर बसलो होतो. रत्ना शेजारी येऊन बसली. पदराच्या गाठीतून तंबाखूची पुडी काढली. माझ्या किती पुड्या हिनं चुलीत घातल्या असतील! आमची निम्मी भांडणं त्याच पायी. आज तिनं स्वतःच्या तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, नीट मळली, थोपटली आणि हात माझ्यापुढे धरला.
म्हणाली, घ्या, वाईच खाल्ल्यानं काय हुतंय.
मान वर केली नाही तिनं. मीही तिच्याकडे बघितलं नाही. चिमूट उचलली.
पोट उघडलं, बघितलं आणि तसंच शिवलं. गाठ आहे तिथंच आहे. मला हे राउंडच्या दिवशीच कळलं होतं. उत्तर येत होतं, लिहायचं नव्हतं.
तिला वाटतंय मला ठाऊक नाही. तिनं आणि नूतननं मिळून एवढं जपलंय, ते मोडवत नाही. म्हटलं, चुना जरा जास्त झाला गं. हसली. किती दिवसांनी हसली.
भीती वाटते. मरणाची वाटतेच, पण हिला या घरात एकटं टाकून जायची जास्त वाटते.
आता आत पिठलं करते आहे. वास आला तरी ढवळतंय. वाढेल तेवढं खायचं, आणि ती उठून आत जाईपर्यंत पोटात ठेवायचं.