परतीची दोन तिकिटं

११ जून, अँकरेज विमानतळ
आज दुसऱ्यांदा फ्लाइट कॅन्सल. बेटावर धुकं म्हणे. घरी चँडलरला उन्हाने डांबर वितळतंय, इथे मी कानटोपीत. सुनंदाचा फोन : "लेकीला घेऊनच या. डिव्होर्सनंतर एकटी त्या ज्वालामुखीखाली काय करतेय?" परतीची तिकिटं दोन काढलीत. मनूला पत्ता नाही. फोनवर तिचं एकच, "आय अ‍ॅम फाइन, बाबा." बत्तीस वर्षं एसी दुरुस्त करतोय. बंद पडायच्या आदल्या दिवशी कंप्रेसरही असाच फाइन वाजतो.

१२ जून
पोचलो एकदाचा. डोंगर हिरवेगार, पण झाड औषधाला नाही. वर बर्फ, बर्फातून वाफ! धक्क्यावर गरुड कावळ्यांसारखे बसलेले. एकाने माझी कानटोपीच पळवली. मनू : "वेलकम, बाबा. माझ्या दोन नेल्यात." विषय काढायचा होता. राहिला.

१३ जून
महायुद्धातले बंकर पाहिले, हिरव्या घुमटांचं रशियन चर्च पाहिलं. मग मनूचं ऑफिस. डोंगराचे हादरे रेकॉर्ड करतात, वेग वाढवला की कानाला ऐकू येतात. हेडफोन लावला. धडधड, मधेच खरखर.
"बेअरिंग गेलंय."
"बाबा! दॅट्स मॅग्मा!" खुर्चीतून पडायची बाकी.
"धोका?"
"आत्ता नाही. पण ऐकत राहायचं. तूच शिकवलंस ना?"
हेडफोन परत कानाला लावला.

१४ जून
सकाळी कांदा चिरताना गुणगुणत होती. बेसूर, शाळेत होती तशीच. लग्नाच्या तीन वर्षांत आमच्याकडे यायची, हसायची, सगळं व्यवस्थित. गुणगुणली एकदाही नाही. सुनंदाला फोन लावून नुसता स्वयंपाकघराकडे धरला. पलीकडे तिने टीव्ही बंद केला. मग, "अजून सुरात नाही ती." लगेच पुढे, "तरी विचारा एकदा."
विचारलं नाही. रात्री मात्र गाढ झोपणार.

१५ जून
मनू विमानतळावर सोडायला आली. काउंटरवरची बाई खणखणीत : "टू पॅसेंजर्स?" वर मनूचं पूर्ण नाव वाचलं. मेलो.
"बाबा, सीरियसली? मग विचारलं का नाहीस?"
"उत्तर ऐकलं काल. कांद्याबरोबर."
डोळे पुसत हसली. तेवढ्यात धुकं, फ्लाइट कॅन्सल. माझी सीट उद्यावर. मनूच्या तिकिटासाठी बाईने नवी तारीख विचारली. मनू माझ्याकडे वळली, "दिवाळी कधी आहे?"
मला कुठलं आठवायला! सुनंदाला फोन लावलाय. रिंग जातेय.